घरच्यांचं सुचवू नये

माझे भाऊजी नळाच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर होते. तयार झालेला प्रत्येक नळ त्यांच्यासमोर यायचा, ते त्यात दाबाने पाणी सोडायचे आणि नको तिथून एक थेंब जरी बाहेर आला तरी नळावर लाल रंगाचा ठिपका पडायचा. ठिपका पडला की नळ परत भट्टीत. कामगार त्यांना समोर साहेब म्हणायचे आणि पाठीमागे ठिपकेवाले. ताईचं त्यांच्याशी लग्न झालं तेव्हा मी तिच्या कानात म्हटलं होतं, जपून राहा गं, गळलीस तर ठिपका पडेल. ताई खळखळून हसली होती. तेव्हा तिला सगळं ऐकू यायचं.

पुढचं वाचून कुणाला वाटेल की माणूस दुष्ट असणार, म्हणून आधीच सांगते, तसं काही नाही. भाऊजी नाकासमोर चालणारे. कुणाच्या अध्यात ना मध्यात. ताईवर त्यांचा जीव होता आणि आहे. फक्त तो त्यांनी कुठे ठेवलाय हे शोधायला दुसरं माणूस लागतं. मी त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर झेरॉक्सचं दुकान चालवते, दिवसातून तीनदा वर चहाला जाते, त्यामुळे हे मी अधिकाराने बोलू शकते.

ताई एका मोठ्या इस्पितळात टेलिफोनवर बसायची. कुठल्या डॉक्टरचा कुठला नंबर, कोण कधी उचलतो, कोण उचलून ठेवून देतो, सगळं तिला तोंडपाठ. चाळिशी उलटली आणि तिचे कान हळूहळू गेले. आधी फोनवरचं बोलणं गेलं, मग दारावरची बेल, मग माणसं. कानातलं मशीन घेतलं तर त्यातून आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. नोकरी सोडावी लागली त्या दिवशी ती घरी आली, चपला काढल्या आणि मला म्हणाली की आता निदान तुझी बडबड तरी वाचली. मी हसले आणि खाली दुकानात येऊन रडले.

भाऊजी रडले नाहीत. ते कामाला लागले. इंटरनेटवर शोधता शोधता त्यांना एक यादी सापडली. ज्यांचे कान मध्येच जातात अशांना काय काय उपयोगी पडतं, ते सगळं तिथे एका पानावर मांडलेलं: बेल वाजली की लागणारा दिवा, बोललेलं लिहून दाखवणारं ॲप, मशीन साफ करायची पद्धत, ओठ वाचायचे धडे. ती यादी कुणा एकाची नव्हती. जगभर विखुरलेली, एकमेकांना न भेटलेली माणसं मिळून ती चालवायची. कुणीही यावं, एक गोष्ट सुचवावी, तिची लिंक द्यावी आणि एका वाक्यात उपयोग सांगावा. यादी सांभाळणारे तिघेचौघे ते तपासणार, बरं असेल तर घेणार, नाहीतर नाकारणार. यात कुणाला छदाम मिळत नाही.

भाऊजींनी एकेक वस्तू आणून घरात लावून पाहिली आणि मगच सुचवली. त्यांची वाक्यं त्यांच्यासारखीच असायची. 'दिवा लागतो. दुसऱ्या खोलीत दिसत नाही.' बास. लोकांना हे आवडलं. बंद पडलेल्या लिंका शोधून काढणं, एकच गोष्ट दोनदा आली असेल तर एक ओळ कापणं, सगळं ते डोळ्यांत तेल घालून करायचे. निवृत्त झाले त्याच सुमारास यादीच्या लोकांनी त्यांना सांभाळणाऱ्यांत घेतलं. त्यांना पुन्हा शेवटचं टेबल मिळालं, असं मी म्हटलं तर ते मनापासून खूश झाले.

खूश झाले हे मला कळलं, ताईला कळलं नाही. कारण भाऊजींची मिशी. वरचा ओठ तर सोडाच, खालच्या ओठाच्याही निम्म्यावर आलेली. ताई एव्हाना लोकांचे ओठ बघून बोलणं ओळखायला शिकली होती. भाजीवाल्याचं कळायचं, बसच्या कंडक्टरचं कळायचं, रस्त्यापलीकडच्या दोन बायका कुणाची उणीदुणी काढतायत तेही कळायचं. नवऱ्याचं कळायचं नाही. आणि गंमत ही की त्या यादीत घरच्यांसाठी सूचनांचं एक पान आहे, त्यात लिहिलंय की उजेडाकडे तोंड करून बोलावं, तोंडावर हात धरू नये, मिशी कापून ओठ मोकळे ठेवावेत. ते पान तपासून मंजूर कुणी केलं असेल? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ताईने कितीदा सांगितलं, मी कितीदा टोमणे मारले. ते म्हणायचे, बघू. ताईला तेही माझ्याकडून कळायचं.

ओठ वाचायला ताई ज्या धड्यांवरून शिकली ते परक्या भाषेतले होते. आपल्या भाषेत असं काही नव्हतंच. म्हणून तिने स्वतः सुरू केलं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी, डब्यांच्या उतरंडीला मोबाइल टेकवून, ती उजेडाकडे तोंड करून बसायची आणि आवाज न काढता बोलायची. आधी वाक्य, मग बघणाऱ्याला विचार करायला थोडा वेळ, मग तेच वाक्य पाटीवर लिहून दाखवायची. ओठांवर पान, बाण आणि मान सारखेच दिसतात, म्हणून प्रत्येक धड्यात तिचं एक ठरलेलं सांगणं असायचं, 'शब्द पकडायला जाऊ नका, वाक्य पकडा.' धड्यांची नावंही खास. 'दुकानदार घाईत असताना.' 'डॉक्टर खाली बघून बोलतात तेव्हा.' 'नवऱ्याच्या तोंडात घास असताना.' तोंडातल्या घासासाठी ती स्वतः पाव चघळत बोलली होती आणि शेवटी तिलाच ठसका लागला होता. तो ठसका तिने तसाच ठेवला आणि धडा वेबसाइटवर टाकला.

ते धडे बघताना मला माझी जुनी ताई दिसायची, टेलिफोनवरची. कुणाला तरी कुणाशी तरी जोडून देणारी.

पण बघणार कोण? आपल्या भाषेतली जी माणसं असं काही शोधत यायची ती त्या यादीवरूनच यायची. यादीत एक ओळ आली असती तर धडे पोचले असते. ताईने एकदाच विचारलं, माझी लिंक टाकाल का. भाऊजींनी पाटीवर लिहून दिलं की घरच्यांचं सुचवू नये असा नियम आहे.

हा नियम त्यांनीच घालून घेतला होता, आणि उगाच नव्हे. मशीन विकणाऱ्या एका दुकानदाराने वेगवेगळ्या नावांनी स्वतःचंच दुकान यादीत सुचवलं होतं. सगळी खाती त्याच दिवशी उघडलेली आणि सगळ्यांच्या मजकुरात एकच वाक्य फिरून फिरून आलेलं. ते वाक्य भाऊजींनी हेरलं. यादीवरच्या लोकांनी त्यांची तोंडभर स्तुती केली. तेव्हापासून नियम आला आणि पकडायची रीतही ठरली: खातं नवीन आहे का बघायचं आणि वाक्य कुणाच्या तोंडचं आहे ते बघायचं.

मी दुकानात त्यांना छेडलं, की पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हेच का. ते म्हणाले, "चांगलं असेल तर बाहेरचं कुणीतरी सुचवेल. आणि फार चांगलं करते ती."

मी म्हटलं, हे तिला सांगा की. तर म्हणाले, तिला माहीत आहे. तिला माहीत नव्हतं. तिला कुठून माहीत असणार?

ताई वाट बघू लागली. सकाळी उठली की चहाआधी यादी उघडायची. कितीतरी महिने गेले. मग एके दिवशी ती ओळ आली. सुचवणाऱ्याने नाव दिलं होतं 'सुईदोरा'. लिहिलं होतं, 'ओठ वाचायचे आपल्या भाषेतले धडे. शब्द पकडायचा नाही, वाक्य पकडायचं, हे इथे कळलं. मी स्वतः शिकते आहे.'

ताईने पाहिली तेव्हा त्या ओळीखाली उत्तरही आलेलं होतं. भाऊजींचं. 'घरच्यांचं सुचवू नये हा नियम आहे. दुसऱ्या नावाने सुचवल्याने तो बदलत नाही. नामंजूर.'

खातं त्याच दिवशी उघडलेलं होतं आणि वाक्य ताईचं होतं. त्यांच्या हिशेबाने थेंब दिसला, ठिपका पडला.

मी चहाला वर गेले तेव्हा ताई टॅबलेट हातात घेऊन उभी होती आणि भाऊजी टेबलाशी चहा पीत होते. तिने तो त्यांच्यापुढे धरला आणि विचारलं, "हे मी लिहिलंय असं वाटतं तुम्हाला?"

ते कपाआडून काहीतरी बोलले. ताई म्हणाली, कप खाली ठेवा. त्यांनी ठेवला आणि परत बोलले. ताईने थोडा वेळ त्यांच्या मिशीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळली. ते म्हणाले होते, "नियम सगळ्यांना सारखा." ते वाक्य मला माझ्या तोंडाने तिला सांगावं लागलं. आयुष्यात इतकं कडू मी कधी काही बोलले नसेन.

ताई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने भांडी घासली, ओटा पुसला आणि त्याच आठवड्यात सगळे धडे काढून टाकले, वेबसाइटवरचेही आणि मोबाइलमधलेही. मला नंतर म्हणाली की बघून ओळखायचं हेच ज्याचं काम, त्याला मी बघून ओळखू येत नसेन, तर सांगून काय उपयोग. मी भाऊजींना गाठलं. म्हटलं, ते वाक्य ती प्रत्येक धड्यात म्हणते, शिकणाऱ्याच्या तोंडात तेच बसणार ना. ते म्हणाले, इतका योगायोग नसतो. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो हे मला मान्य आहे. पण म्हणून घरच्या माणसालाही फुंकर मारून बघायचं?

त्यांनाही त्रास झाला होता, हे मला दिसत होतं. बायकोने खोट्या नावाने लिहिलं याचा त्यांना त्रास झाला होता. बिचारे मनातल्या मनात तिला क्षमाही करून मोकळे झाले असतील. न केलेल्या गुन्ह्याची क्षमा. त्याचा राग मला आजही येतो.

पुढच्या थंडीत एका सकाळी ताई चूळ भरत होती आणि पाणी ओठांच्या कडेने गळलं. डाव्या बाजूचा गाल खाली आला होता, डोळा मिटत नव्हता. लग्नातली माझी ती थट्टा मला आठवली आणि नकोसं झालं. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याचा लकवा आहे, बहुतेकांचा जातो. ताईचा अर्धाच गेला. डोळा मिटायला लागला, तोंड मात्र वाकडंच राहिलं. ती बोलते ते आपल्याला ऐकू येतं, समजतं. पण आवाज बंद करून तिच्याकडे बघाल तर काही वाचता येणार नाही. तिचे धडे आता तिलाही पुन्हा करता येणार नव्हते.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी भाऊजी दुकानात आले. गिऱ्हाईकं होती, तरी सरळ आत येऊन स्टुलावर बसले आणि मोबाइल माझ्या हातात दिला. एवढं छापून दे म्हणाले. यादीवर सुईदोराने पुन्हा लिहिलं होतं. मशीन चालू ठेवूनच मी ते वाचलं.

'मी शिवणकाम करते. आजारपणात माझे दोन्ही कान गेले. त्या बाईंच्या धड्यांवरून मी गिऱ्हाइकांचं बोलणं ओळखायला लागले. इतरांनाही मिळावं म्हणून मी इथे सुचवलं होतं. त्यासाठीच मुलीने खातं उघडून दिलं. तुम्ही खोटं नाव म्हणालात, म्हणून घाबरून परत लिहिलं नाही. नंतर धडेच दिसेनासे झाले. माझं घाईतल्या दुकानदारापर्यंत झालं होतं, पुढचं राहिलं. माझ्यामुळे बंद झाले का? तसं असेल तर बाईंना सांगा, माझं चुकलं.'

"ही बाई खरी आहे," भाऊजी म्हणाले.

मला खूप काही बोलता आलं असतं. तयारी तर केव्हाची होती. पण ते छापून निघालेल्या कागदाकडे असे बघत होते की मी तो नुसता घडी करून त्यांच्या हातात दिला.

वर जाऊन त्यांनी तो कागद ताईच्या हातात दिला. तिने वाचला, शेवटची दोन वाक्यं परत वाचली आणि म्हणाली, "आधी तिला कळवा. बिचारी इतके दिवस स्वतःला बोल लावत बसली असेल."

त्यांनी तिथेच बसून लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं. 'तुमच्यामुळे नाही. माझ्यामुळे. तुम्ही बरोबर होता, मी तपासलं नाही.' मग पाटीवर लिहून ताईला विचारलं की धडे कुठे ठेवलेत. ताई म्हणाली, पुसले. त्यांचा विश्वास बसेना. जुना मोबाइल शोधला, माझ्या दुकानातला संगणक पालथा घातला, ओळखीच्या एका तंत्रज्ञाला गळ घातली. काही नाही. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक नियम मोडला. यादीत ताईच्या धड्यांची ओळ घातली. नाव लिहिलं, उपयोग लिहिला, लिंकची जागा रिकामी. दुसऱ्या दिवशी ती ओळ तिथे नव्हती. यादी सांभाळणाऱ्यांत लांबच्या कुठल्याशा गावची एक ग्रंथपाल बाई आहे, तिने अगदी नम्रपणे लिहिलं होतं की जी लिंक उघडत नाही तिची ओळ ठेवायची नाही असं ठरलंय, क्षमा असावी. ठरवलं कुणी होतं, हे सांगायला नको. भाऊजींनी तिला बरोबर आहे म्हणून कळवलं.

त्या संध्याकाळी ते ताईसमोर पाटी घेऊन बसले. लिहिलं, तू सांग, मी मोबाइलसमोर बसतो, तुझे धडे मी बोलतो. ताईने वाचलं आणि हसली. चेहऱ्याची एकच बाजू हसली. "तुमचं तोंड मला कधी वाचता आलं नाही," ती म्हणाली, "लोकांना काय येणार?"

ती हे रागाने बोलली नव्हती. खरं तेच बोलली होती. भाऊजींनी पाटी पुसून बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला वर गेले तर टेबलाशी कुणी अनोळखी माणूस बसलाय असं वाटलं. मिशी नव्हती. वरचा ओठ पांढराफटक, वस्तऱ्याने एका जागी कापलेला. माझ्या जिभेवर दहा थट्टा आल्या, पण त्यांचा चेहरा बघून मी त्या गिळल्या. ताई खिडकीशी होती. त्यांनी खुर्ची उचलून खिडकीकडे तोंड करून ठेवली, उजेड चेहऱ्यावर पडेल अशी, यादीत सांगितलंय तशी. हात मांडीवर ठेवले. ताई समोर येऊन बसली.

"मी चुकलो," ते म्हणाले. "ती तू नव्हतीस. मी तुला विचारायला हवं होतं."

ताई त्यांच्या ओठांकडे बघत होती. म्हणाली, "पुन्हा म्हणा."

त्यांनी पुन्हा म्हटलं, तसंच, न थांबता.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज फुटला. तिला ते कळायचं कारण नव्हतं. मला वाटलं, आता पुरे, मी मध्ये पडते आणि तिला सांगते. पण माझ्या ध्यानात आलं की जी रस्त्यापलीकडचं बोलणं टिपते तिला समोरचं हे वाक्य कळलं नसेल हे शक्य नाही. मी कप हातात धरून तशीच उभी राहिले.

"कळलं," ताई म्हणाली. "पहिल्या वेळीच कळलं होतं. पण माझे कान गेल्यापासून तुमचं एक अख्खं वाक्य आज दिसलं, म्हणून बघत होते."

भाऊजींची मान खाली गेली. खाली मान घालून ते आणखी बरंच काही बोलले, मी ते सगळं ऐकलं. ताईला त्यातलं काही दिसलं नाही.